कुलूपबंद घर, झाकलेली गाडी : परदेशस्थ सोलापूरकरांचे प्रश्न

संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेसाठी सोलापूरला येऊन परत गेलेल्या वाचकांची पत्रे या सुमारास आमच्याकडे येतात. निरनिराळ्या देशांतून आलेली असली, तरी गाडी सुरू झाली नाही, लायसनची मुदत संपत आली, भाडेकरू कर कापून घेतो म्हणतो, अशा त्याच त्या अडचणी त्यांत असतात. त्यांपैकी अनेकांना उपयोगी पडतील असे काही प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : मी म्युनिकमध्ये नोकरी करतो. जुळे सोलापुरातील घराच्या पोर्चमध्ये माझी सहा वर्षांची पेट्रोल गाडी उभी आहे. वडील दर रविवारी ती पाच मिनिटे सुरू करून बंद करतात, तरीही बॅटरी वारंवार उतरते. या खेपेस मागचे ब्रेकही जाम झालेले आढळले. गाडी कशी ठेवावी?

उत्तर : वडिलांच्या नेमाबद्दल आदर बाळगूनही सांगावे लागते, की बॅटरी उतरण्याचे कारण बहुधा ती पाच मिनिटेच आहेत. इंजिन चालू करताना स्टार्टर जेवढी वीज ओढून घेतो, तेवढी भरून काढायला उभ्या गाडीच्या मंद गतीत अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या जनित्राला, एवढा वेळ पुरत नाही, आणि त्यामुळे दर रविवारी बॅटरीत भर पडण्याऐवजी थोडी घटच होते. शिवाय इंजिन पुरते तापत नसल्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचून राहते आणि तो आतून गंजतो. म्हणून दोहोंपैकी एक मार्ग निवडावा. घरात गाडी चालवणारे कोणी असेल, तर पंधरवड्यातून एकदा ती विजापूर रोडने वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणावी; त्यात बॅटरी भरते, टायरवरचा भार बदलतो, ब्रेक मोकळे राहतात आणि एसीही चालतो. असे कोणी नसेल, तर गाडीला मुळीच हात न लावता बॅटरीची काळी, म्हणजे निगेटिव्ह, वायर काढून ठेवावी. पूर्ण भरलेली बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. आकडा १२ च्या खाली गेलेल्या स्थितीत ती महिनोन्महिने पडून राहिली, तर पुन्हा चार्ज करूनही पूर्वीसारखी टिकत नाही.

ब्रेक जाम होतात ते हँडब्रेक ओढून ठेवल्यामुळे. गाडी दीर्घकाळ उभी करताना हँडब्रेक मोकळा सोडावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे किंवा विटा लावाव्यात. टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय हवा जास्त भरावी. टायरच्या कडेला चार आकडी उठावदार क्रमांक असतो, तो एकदा वाचून पाहावा : २३१९ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि उभ्या गाडीचे रबर चालत्या गाडीइतकेच, किंबहुना अधिकच, तडकते. तेव्हा नक्षी शाबूत दिसली, तरी कडेला बारीक भेगा आहेत का हे पाहिल्याशिवाय पुण्याचा रस्ता धरू नये. आच्छादन कापडी आणि हवा खेळेल असे घ्यावे, कारण प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि रंगावर डाग पडतात. पेट्रोलची टाकी शक्यतो भरून ठेवावी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतील ओलावा शोषून घेते, आणि टाकी रिकामी असेल तेवढी हवा आत अधिक राहते.

उंदरांचा उपद्रव आपण लिहिलेला नाही, पण तो होणारच. बॉनेटखालच्या वायरी कुरतडणे हा त्यांचा आवडता उद्योग असून एअर फिल्टरच्या डब्यात घरटेही सापडते. तंबाखूची पाने आणि डांबराच्या गोळ्या ठेवण्याची पद्धत आहे. त्यांचा वास उडेपर्यंत त्या उपयोगी पडतात. त्याहून मोठा उपाय म्हणजे शेंगांची पोती आणि धान्याची कोठी पोर्चमधून हलवणे.

आता न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर. आपण आणखी दोन-तीन वर्षे तिकडेच राहणार असाल, तर ही गाडी विकावी, असे माझे स्पष्ट मत आहे. विम्याचे नूतनीकरण मुदत संपल्यापासून ९० दिवसांत झाले नाही, तर साठवलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बुडते. सलग पाच वर्षे दावा न करणाऱ्याला तो ५० टक्के मिळतो, तेव्हा ही रक्कम किरकोळ नव्हे. गाडी विकताना मात्र विमा कंपनीकडून या बोनसचे पत्र घेऊन ठेवता येते आणि ते तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीसाठी वापरता येते. विक्री करताना मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून किल्ली दिली की काम संपले, असे समजू नये. आरटीओच्या दफ्तरी नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विमानात बसण्यापूर्वी नव्या मालकाच्या नावाचे आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, डोळ्यांनी पाहावे.

प्रश्न : पतीच्या नोकरीमुळे मी चार महिन्यांपूर्वी स्टुटगार्टला आले. माझ्याकडे एमएच-१३ चे, म्हणजे सोलापूर आरटीओचे लायसन आहे. त्याची मुदत आठ महिन्यांनी संपते. त्यावर इथे गाडी चालवता येईल का, आणि नूतनीकरण कधी करावे?

उत्तर : जर्मनीत वास्तव्यास आल्यापासून सहा महिने भारतीय लायसन चालते, सोबत त्याचे अधिकृत भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. म्हणजे आपल्या हातात आता दोन महिने उरले आहेत. त्यानंतर तेथील लायसन काढावेच लागते, आणि भारतीय लायसन नुसते बदलून मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा, दृष्टितपासणी आणि प्रथमोपचाराचा एक वर्ग एवढे करावे लागते. सक्तीचे प्रशिक्षण तास परदेशी लायसनधारकांना माफ असतात, तरी ते अजिबात न घेण्याचे धाडस करू नये. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. आपल्याकडे चौकात जो आधी नाक घालतो त्याचा हक्क असतो. तेथे फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे असते, आणि आपल्याकडील भलेभले चालक नेमके येथेच नापास होतात. बर्फ किंवा निसरड्या रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांवर डोंगर-हिमकणाचे चिन्ह असणे आवश्यक आहे. जुनी गाडी विकत घेताना टायरवर हे चिन्ह आहे का ते पाहावे.

भारतीय लायसनचे नूतनीकरण मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येते, त्यामुळे पुढील गावभेटीतच ते उरकून घ्यावे. मुदत संपल्यानंतर एक वर्ष उलटले, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. वयाची चाळिशी ओलांडली असेल, तर डॉक्टरांचे फॉर्म १-अ मधील प्रमाणपत्र लागते. लायसनच्या कामांसाठी असलेल्या सरकारी सारथी पोर्टलवरचे ओटीपी भारतीय मोबाईलवर येतात, आणि ९० दिवस न वापरलेला प्रीपेड क्रमांक कंपनी बंद करू शकते. निघताना वडिलांच्या फोनमध्ये सिम घालून छोटा रिचार्ज करत राहण्यास सांगावे. वीजबिल, बँक आणि आयकर या सगळ्यांची किल्ली तोच क्रमांक असतो.

प्रश्न : (याच वाचक) भाकरी जमत नाही, आणि भिंतींना काळी बुरशी धरली आहे.

उत्तर : भाकरीचे आधी. काचेच्या शेगडीवर खोलगट तवा फक्त मध्यभागी टेकतो, म्हणून सपाट बुडाचा लोखंडी तवा घ्यावा. तो इंडक्शनवरही चालतो, ॲल्युमिनियमचा चालत नाही. ज्योत नसल्याने भाकरी फुगत नाही, त्यावर उपाय असा, की पाणी लावलेली बाजू तव्यावर भाजून झाल्यावर भाकरी ओव्हनमधील वरच्या ग्रिलखाली, तो चांगला तापलेला असताना, मिनिटभर ठेवावी. टम्म फुगते. कडक भाकरी हवी असेल, तर तीच पुढे मंद ओव्हनमध्ये पापडासारखी होईपर्यंत वाळवावी. भाकरी थापतानाच तुटत असेल, तर दोष शेगडीचा नाही, पिठाची विरी गेलेली आहे. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी असली, तरी दळून महिने लोटलेले पीठ चिकटपणा सोडते. तेव्हा पीठ थोडे थोडे न्यावे, फ्रीजरमध्ये ठेवावे आणि उकळत्या पाण्याने उकड काढूनच मळावे. फोडणीच्या धुराने धूरसूचक वाजू लागला, तर खिडकी उघडावी, सूचक काढून ठेवू नये; तेथील घरांत तो कायद्याने आवश्यक असतो.

बुरशीचे मूळ आपल्या सवयीत आहे. सोलापूरकराला ओल हा शत्रू माहीत नाही, त्याची झुंज धुळीशी. थंडी म्हणून खिडक्या बंद ठेवल्या, घरातच कपडे वाळवले आणि कुकरच्या शिट्ट्या चालू ठेवल्या, की ती सगळी वाफ बाहेरच्या बाजूच्या गार भिंतीवर जाऊन बसते. दिवसातून तीन-चार वेळा समोरासमोरच्या खिडक्या पाच ते दहा मिनिटे सताड उघडाव्यात. खिडकी दिवसभर किंचित कलती ठेवल्याने भिंत गार पडते आणि बुरशी वाढते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे आणि आर्द्रतामापक आणून ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान आकडा राखावा. जर्मनीत घरमालक तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत घेऊ शकतो, आणि घर सोडताना बुरशीचा खर्च भाडेकरूच्या सवयींवर टाकून ती कापण्याचा प्रयत्न होतो. घर ताब्यात घेतानाच भिंतींची छायाचित्रे काढलेली बरी.

प्रश्न : मी शारजात असतो. होटगी रोडवरील फ्लॅट दरमहा १२,००० रुपयांनी भाड्याने दिला आहे. भाडेकरू म्हणतो, ३१.२ टक्के कर कापून देईन. एवढ्या लहान भाड्यावरही कर कापतात का? करारावर माझ्या वतीने भाऊ सही करू शकेल का?

उत्तर : भाडेकरूचे म्हणणे बरोबर आहे आणि त्याची चौकसबुद्धी वाखाणण्याजोगी आहे, कारण बहुतेकांना हे ठाऊक नसते. मालक अनिवासी असेल, तर भाडे कितीही लहान असो, ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर कापणे भाडेकरूवर बंधनकारक आहे. म्हणजे १२,००० पैकी ३,७४४ रुपये सरकारजमा होतील आणि ८,२५६ आपल्या हाती येतील. हे पैसे बुडालेले नाहीत. वर्षाचे भाडे १,४४,००० होते. त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट गेल्यावर १,००,८०० रुपये उरतात. भारतात दुसरे काही उत्पन्न नसेल, तर हे मूलभूत सूट मर्यादेच्या खाली असल्याने विवरणपत्र भरून सगळा कर परत मिळतो. दरवर्षी परताव्याची वाट पाहायची नसेल, तर कमी दराने कपातीचे प्रमाणपत्र आयकर विभागाकडून मिळवता येते. भाडे एनआरओ खात्यातच, म्हणजे अनिवासींच्या भारतातील उत्पन्नासाठी असलेल्या रुपयांच्या खात्यातच, जमा व्हावे. परदेशी गेल्यानंतरही जुने बचत खाते तसेच चालवणे नियमाला धरून नाही.

करार किती महिन्यांचा आहे हे गौण आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार प्रत्येक लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि करार नोंदवलेला नसेल, तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानल्या जातात. परदेशात बसून अंगठ्याचा ठसा देता येत नाही, म्हणून भावाला कुलमुखत्यारपत्र द्यावे. ते दुबईच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित करून घ्यावे, आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक लावून घ्यावा. ही मुदत चुकते आणि मग दंड भरत बसावे लागते. मजकुरात फक्त भाडेकरार करणे, भाडे घेणे, मिळकत कर आणि वीजबिल भरणे एवढेच अधिकार लिहावेत. भाऊ कितीही सख्खा असला, तरी विक्रीचा अधिकार मोघम शब्दांत देऊ नये. त्यात दोघांचेही हित आहे, आणि वहिनींसमोर हे मोकळेपणाने बोलण्यास हरकत नसावी.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीला परत जात आहोत. घर वर्षभर बंद राहील. काय बंद करावे, काय चालू ठेवावे?

उत्तर : महावितरणची जोडणी तोडू नये. वापर शून्य असला, तरी स्थिर आकार येतच राहतो, पण कायमस्वरूपी तोडलेली जोडणी पुन्हा घेणे त्याहून महाग आणि कटकटीचे असते. मीटर बंद दाराआड असेल, तर वाचन न होता सरासरी बिल येत राहते, म्हणून तो बाहेरच्या भिंतीवर घ्यावा. मेन स्विच बंद करावा, फ्रीज रिकामा करून त्याचे दार फडके लावून किंचित उघडे ठेवावे, इन्व्हर्टरची बॅटरी वर्षभर सोडण्याऐवजी कोणाला तरी वापरायला द्यावी, गॅसचा रेग्युलेटर काढावा. उजनीच्या पाण्याची वाट पाहत हौद भरून ठेवण्याची आपली सवय येथे उलटी फिरवावी लागते : हौद आणि टाकी पूर्ण रिकामी करावी, आणि मुख्य कॉक बंद करावा, नाहीतर नळाला पाणी आले, की फ्लोट खराब असल्यास ते रात्रभर वाहते. मोरीच्या जाळ्यांखालचे पाणी दोन-तीन महिन्यांत आटते आणि मग झुरळे व दुर्गंधी वर येते. त्यात वाटीभर गोडेतेल ओतले, तर पाणी लवकर आटत नाही. लाकडी कपाटे भिंतीपासून सरकवावीत, वाळवी मागूनच लागते.

प्रश्न : दुबईला मुलीकडे शेंगापोळ्या आणि मसाला नेऊ का?

उत्तर : पोळ्या खुशाल न्या, पण त्यांत खसखस घालू नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदी घातलेली वस्तू आहे आणि ती बाळगल्याबद्दल प्रवाशांना तुरुंगात जावे लागले आहे. घरच्या काळ्या मसाल्यातही ती अनेकदा असते, तेव्हा या खेपेचा मसाला खसखशीशिवाय वेगळा कुटून घ्यावा, आणि डब्यावर लिहून ठेवावे.