मावशी, आम्ही इथे काय उपयोगाचे?

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका आईचं पत्र आलंय, चांगलं लांबलचक, आणि त्यात पाच प्रश्न आहेत पण दुखणं एकच आहे. मूळची आपल्या पुण्याच्या वानवडीची, नवरा-बायको दोघं आयटीत, मुलगी चौदा वर्षांची आणि मुलगा नऊ. ती लिहिते, "मावशी, प्रभूमध्ये सलाम. इथे सोमवारी ऑफिसमध्ये सगळे वीकेंडला काय केलं विचारतात, चर्चला गेलो म्हटलं की एकदम शांतता पसरते, कुणी चेष्टा करत नाही पण विषय बदलतात. म्हणून आता आम्ही काही विशेष नाही असं सांगून मोकळे होतो. रविवारी दीड तास गाडी चालवून मराठी फेलोशिपला जातो, तिथे आपली गाणी म्हटली की जीवात जीव येतो. पण बाकी आठवडाभर आमच्यात आणि देव न मानणाऱ्या शेजाऱ्यांत फरक काय, ते माझं मलाच कळत नाही. आम्ही इथे ख्रिस्ती म्हणून काय उपयोगाचे?"

बाकीचे प्रश्न म्हणजे मुलीचं रविवारचं फुटबॉल, हॅलोविन, महाराष्ट्र मंडळाचा गणपती आणि सासूबाईंचं येणं. त्यांच्याकडे शेवटी बघू, आधी हा मोठा.

अगं, ती सोमवारची शांतता मला चांगली माहितीये. आम्ही कॉव्हेंट्रीला होतो तेव्हा आमचे हे पण घरी येऊन हेच सांगायचे. तुला एकटं वाटतं ते खरंच आहे, त्यात तुझी श्रद्धा कमी पडतेय असं अजिबात समजू नकोस. पण ती शांतता वैराची नसते गं. तिकडे धर्म ही प्रत्येकाची खाजगी गोष्ट, आणि कितीतरी लोकांना चर्चबद्दल पुढे काय विचारायचं हेच सुचत नाही. २०११ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ५९.३ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती लिहिलं होतं, २०२१ मध्ये ते ४६.२ वर आलं, आणि ३७.२ टक्क्यांनी कुठलाच धर्म नाही असं लिहिलं. म्हणजे तुझ्या ऑफिसमधल्या तरुण पोरांनी चर्च आतून बघितलं असेल ते कुणाच्या तरी लग्नात नाहीतर अंत्यविधीला.

पण मला सांग, थोडकं असण्याची भीती आपल्याला कधीपासून वाटायला लागली? महाराष्ट्रात आपण शंभरात जेमतेम एक. आपल्या आज्या-पणज्या अशाच राहिल्या, चाळीत, वाड्यात, गावकुसाला, आजूबाजूला आपलं एकही घर नसताना. तिकडच्या ख्रिस्ती लोकांना आपण कमी झालो याचं दुःख होतं, त्यांच्या गावात प्रत्येक चौकात चर्च होतं आणि आता त्यातल्या काहींची हॉटेलं झालीत, तर त्यांचं दुःख मी समजू शकते. आपण मात्र कधी जास्त नव्हतोच. आणि तरी महाराष्ट्रात लोक आपल्याला कशानं ओळखत आले? शाळेनं, दवाखान्यानं, नर्सनं. डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला हॉस्पिटल उभं केलं, माझी आत्या तिथे नर्स होती, आणि सांगली-कोल्हापूरकडच्या खेड्यांतून बैलगाडीत घालून आणलेले पेशंट तिला नुसतं सिस्टर म्हणायचे. तिनं कुणाला प्रवचन दिल्याचं कुणाला आठवत नाही, पण ती कोणाची आणि कशासाठी हे करते ते सगळ्यांना माहीत होतं.

आता थोडं रागावते, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, तू सहज लिहून गेलीस: "आम्ही तसेही दोन-तीन वर्षांत परत येणार, उंड्रीला फ्लॅट घेऊन ठेवलाय, म्हणून इथे फार गुंतत नाही." आणि त्याच्याच पुढे, "शेजारी एक वयस्कर बाई एकट्या राहतात, नाव आता आठवत नाही." अगं, किती वर्षं झाली त्या घरात? पाच, असं तूच वर लिहिलंयस! दीड तास गाडी चालवायला वेळ आहे आणि भिंतीपलीकडच्या बाईचं नाव माहीत नाही, तर मग ऑफिसातल्या शांततेला बोल लावून काय फायदा.

हे दोन वर्षांचं प्रकरण आपल्या सगळ्यांना लागलेलं असतं. बायबल काढ आणि यिर्मयाचा २८ वा आणि २९ वा अध्याय एकापाठोपाठ वाच, दोघं मिळून वाचा. यहुदी लोक कैद करून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, नेलेले आहेत, आणि हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगतो, दोन वर्षांत सगळे परत येणार! सगळ्यांना तेच ऐकायचं होतं. आणि यिर्मया काय पत्र पाठवतो, तर घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं आहे. आणि परत येणं? सत्तर वर्षांनी. तू दोन वर्षांत ये नाहीतर वीस वर्षांत, मला आनंदच आहे, पण उंड्रीच्या फ्लॅटच्या भरवशावर रेडिंगमध्ये कोरडं राहायचं हे काही देवाचं सांगणं नाही.

तर उपाय. जुने वाचक म्हणतील मावशींनी परत तेच काढलं, काढणारच, कारण मला दुसरा उपाय खरंच माहीत नाही: प्रत्येक ख्रिस्ती घराचं एक काम चर्चबाहेरचं पाहिजे. फेलोशिप नाही, संडे स्कूल नाही, क्वायर नाही, मराठी मंडळ पण नाही. असं काम जिथे बाकीचे लोक तुझ्या धर्माचे नाहीत, तुझ्या भाषेचे नाहीत, आणि जिथे प्रमुख तू नाहीस, दुसरं कुणीतरी तुला सांगणार की हे खोकं उचल, ते तिकडे ठेव. आणि दर आठवड्याला, ठरलेल्या वारी. वर्षातून एकदा नाताळात जाऊन डबे वाटून फोटो काढायचे ते मी धरत नाही. लोक तुमच्या बोलण्यावरून विश्वास ठेवत नाहीत, तुम्ही पाऊस असताना पण येता की नाही त्यावरून ठेवतात.

फूडबँकेपासून सुरू कर, सगळ्यात सोपं. तिथे डॉक्टर, शाळा किंवा सल्ला केंद्राकडून व्हाउचर घेऊन लोक येतात आणि साधारण तीन दिवसांचं सामान घेऊन जातात, मागे डब्यांच्या तारखा बघून फळ्या लावायला कायम माणसं कमी असतात. आमची लेक शाळेत असताना हेच करायची, तारखा बघून बीन्सचे डबे पुढे-मागे लावणं, आणि त्या टेबलावर तिला जी माणसं भेटली ती कॉलेजातही भेटली नाहीत असं ती अजून म्हणते. तुमच्या मुलीला न्यायचं असेल तर किती वयापासून घेतात ते आधी विचार, आणि मुलांशी किंवा आजारी-म्हाताऱ्यांशी संबंध असलेलं काम असेल तर डीबीएस चेकला, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींच्या तपासणीला, वेळ लागतो, म्हणून त्या संस्थेकडून आजच फॉर्म घेऊन भर. शाळेत गव्हर्नर, म्हणजे कारभारावर देखरेख करणारे, लागतात, साधारण चार वर्षांसाठी, तुझ्या नवऱ्याला बजेटचे आकडे कळतात असं तू लिहिलंयस, मग तिथे त्याचा खरा उपयोग आहे.

एक सांगते, तिकडच्या ज्या संस्थांना आज कुणी धार्मिक म्हणत नाही त्यातल्या काहींच्या मुळाशी असेच लोक आहेत. सिसिली साँडर्स आधी नर्स, मग समाजसेविका, मग केवळ मरणाऱ्या माणसांच्या वेदना कमी करायच्या म्हणून मोठ्या वयात डॉक्टर झाल्या. १९४८ साली त्यांचा एक पोलंडचा पेशंट गेला, जाताना त्यांच्या होणाऱ्या हॉस्पिससाठी, म्हणजे मरणाऱ्या माणसांची सेवा करणाऱ्या घरासाठी, पाचशे पौंड ठेवून गेला, आणि ते सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस लंडनमध्ये सुरू झालं १९६७ ला. जवळजवळ एकोणीस वर्षं! बाईंची श्रद्धा पक्की होती, पण तिथे येणाऱ्या पेशंटला कुणी तू काय मानतोस म्हणून दारात अडवलं नाही. निराश माणसांचे फोन घेणारी समॅरिटन्स ही संस्था पण १९५३ मध्ये एका पाळकानंच सुरू केली, चाड व्हारा यांनी, आणि तिथे फोनवर उपदेश करायचा नसतो, ऐकायचं असतं.

आणि लांब कशाला, तुझ्या रेडिंगपासून तासाभरावर वाँटेज आहे. तिथे १८८३ मध्ये आपल्या पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला, एकदा मुलांना घेऊन जा. परत आल्यावर त्यांनी १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं, १८९३ ला पुण्यात धर्मांतरावरून एवढा गदारोळ झाला की पालकांनी मुली काढून नेल्या. आपल्याला सोमवारची शांतता सहन होत नाही आणि त्या बाईंनी अख्ख्या शहराचा राग सोसला! मग १८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या, केडगावला त्यांना ठेवलं, शिकवलं, शेती, विणकाम, छापखाना, सगळं मुलींच्या हाताखाली. मी इथे पुण्यात बसून लिहितेय, केडगावची गाडी अजून इथूनच सुटते आणि तिथलं त्यांचं मुक्ती मिशन अजून चालू आहे.

आता तू म्हणशील मावशी, मग बोलायचंच नाही का? बोलायचं की! पण कुणी विचारल्यावर. पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात हेच आहे, विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा आणि ते सौम्यपणे द्या. मात्र कुणी विचारावं असं काहीतरी आयुष्यात दिसायला नको का? आमचे हे कॉव्हेंट्रीत म्हाताऱ्या लोकांना हॉस्पिटलला नेण्या-आणण्याचं काम करायचे, आपली गाडी, पेट्रोलचे पैसे तेवढे मिळायचे. त्यातले एक आजोबा मोटारीच्या कारखान्यातून रिटायर झालेले, देवाबिवावर अजिबात विश्वास नाही, पहिल्याच दिवशी तसं सांगून टाकलेलं. पुष्कळ महिन्यांनी पार्किंगमध्ये त्यांनी विचारलं, तू हे का करतोस. ह्यांनी एवढंच सांगितलं की मी ख्रिस्ती आहे, आणि माझ्या आजीला असंच एका अनोळखी माणसानं बैलगाडीतून दवाखान्यात पोचवलं होतं म्हणून मी आज आहे. बस. पुढे त्या आजोबांची बायको गेली तेव्हा त्यांनी ह्यांना बोलावून घेतलं आणि स्तोत्र २३ वाचायला सांगितलं. आजोबा चर्चला कधी आले नाहीत. आम्ही त्याचा हिशोबही ठेवला नाही.

तुझ्या लेकीला अरामी सेनापती नामानाच्या घरातल्या मुलीची गोष्ट सांग, २ राजे, पाचवा अध्याय. परक्या देशात पकडून नेलेली पोर, तिचं नावसुद्धा लिहिलेलं नाही, घरकाम करायची आणि मालक आजारी आहे हे बघून मालकिणीला एकच वाक्य बोलली, की ते आमच्याकडच्या संदेष्ट्याकडे गेले तर बरे होतील. त्या घरात तिचं कामाचं वजन होतं म्हणून तिचं वाक्य ऐकलं गेलं, असं मला वाटतं. सोमवारी ऑफिसात पण तसंच. काही विशेष नाही म्हणू नका, ते खोटं आहे. साधं सांगा, शनिवारी फूडबँकेत होतो, रविवारी चर्चला. शनिवारचं सांगितलंत की लोक प्रश्न विचारतात, माझा भाचा ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियात आग विझवणाऱ्या व्हॉलंटियर ब्रिगेडमध्ये आहे आणि त्याला तर दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, तू आयटीवाला इथे कसा, आणि मग तो सांगतो.

मराठी फेलोशिप बंद करू नका, महिन्यातून दोनदा जा. बाकीचे दोन रविवार घराजवळच्या चर्चला. तू लिहितेस "तिथे पंधरा म्हातारी माणसं असतात आणि ऑर्गन", मग त्यांना तुमची जास्त गरज आहे, बरोबर ना?

आता बाकीचं पटकन. फुटबॉल: कोचशी बोल, काही टीम शनिवारी खेळतात. नाही जमलं तर मॅचच्या दिवशी संध्याकाळची उपासना शोधा, पण मुलीला चर्च आणि फुटबॉल यात निवड करायला लावून रडवू नका. हॅलोविन: तुमचं मन नाही ना, मग पोरांना भुतं बनवू नका, पण दारावर येणाऱ्या मुलांना चॉकलेट द्या आणि हसून द्या. मंडळाचा गणपती: जा, खुर्च्या लावा, मुलांचे कार्यक्रम बसवा, आरतीला उभं राहायचं की नाही आणि प्रसादाचं काय ते पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, आठवा आणि दहावा अध्याय वाचून दोघांनी घरी ठरवा, आणि जे ठरेल ते मंडळाच्या लोकांना आधीच प्रेमानं सांगा. कुणी "तुम्ही कन्व्हर्ट कधी झालात" विचारलं तर रागावू नकोस, आमच्या चार पिढ्या झाल्या म्हण आणि नाताळात त्यांना करंज्या खायला बोलाव.

सासूबाईंचं तू लिहितेस, "सहा महिन्यांच्या व्हिसावर येतील, इंग्लिश येत नाही, दिवसभर घरात बसून कंटाळतील." अगं, त्यांना स्वेटर विणता येतो असं तूच लिहिलंयस. त्या जवळच्या चर्चमध्ये आठवड्यातून एकदा विणणाऱ्या बायका बसतात का ते चौकशी करून ठेव, पुष्कळ ठिकाणी बसतात, हॉस्पिटलातल्या लहान बाळांसाठी टोप्या करतात. टाके मोजायला भाषा लागत नाही. पहिले दोन आठवडे तू बरोबर बस, मग त्यांना सोडून ये, आणि शेजारच्या बाई चालू शकत असतील तर त्यांनाही विचार, दोघी मिळून जातील. लोकर तिकडेच घ्या, पुण्यातून आणू नका, उगाच बॅगेचं वजन वाढतं.