ट्रॅक चेंजेस लपवले, रेट उघडा पडला, आता पीओचं काय?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीवाल्यांचा प्रश्न आहे. पुण्याच्या कंपनीला सप्लाय अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट वर्डमध्ये पाठवला, रेट किलोला ११८. त्याच फाइलमध्ये ट्रॅक चेंजेस (केलेले बदल लाल रेघांनी दाखवणारी वर्डची सोय) चालू होतं आणि धाकट्या भावासाठी कमेंट होती, '१०९ ला पण परवडतंय, पण आधी बोलू नको'. पाठवताना 'नो मार्कअप' केलं, लाल रेघा दिसायच्या बंद झाल्या, हे निवांत. तिकडं कुणीतरी 'ऑल मार्कअप' (सगळे बदल, कमेंट दाखवा) केलं आणि १०९ चा पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, आली. त्याला तीन आठवडे उत्तर नाही, माल मात्र तयार. मी १०९ ला बांधला गेलो का, असं विचारतायत.

साहेब, त्या कमेंटनं नाही. ती भावाला होती, कंपनीची संमती मागायला लिहिलेली नव्हती, आणि त्याशिवाय प्रस्ताव होत नाही. समोरचा वकील करार कायद्याचं कलम ३ काढून 'आम्हाला कळलं म्हणजे कळवलंच' असं म्हणेल, म्हणू दे. मला ते टिकेल असं वाटत नाही, पण लिहून देणार नाही.

खरी गोम पीओत आहे. तुम्ही ११८ म्हणालात, ते १०९ म्हणाले, म्हणजे कलम ७ प्रमाणे ही तुमच्या रेटला मान्यताच नाही, त्यांचा नवा प्रस्ताव आहे. नुसतं गप्प बसलात म्हणून तो मान्य होत नाही. पण कलम ८ बघा, प्रस्तावातलं काम करून टाकलं की तीच मान्यता. चलनावर तो पीओ नंबर टाकून गाडी गेटबाहेर काढलीत की १०९ कबूल. त्यामुळं गाडी भरायच्या आधी, आजच, त्याच मेलवर उत्तर द्या की रेट ११८ आहे, १०९ चा पीओ मान्य नाही, सुधारित पीओ आल्याशिवाय माल निघणार नाही. फोनवर बोलून भागवू नका. तीन आठवडे हे दोन ओळीचं काम का राहिलं ते तुमचं तुम्हाला माहीत.

एखादा लॉट आधीच गेला असेल तर बिल कुठल्या रेटनं फाडलं? ते तुम्ही लिहिलंच नाही. १०९ नं फाडून जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या जीएसटी रिटर्नमध्ये) गेलं असेल तर त्या लॉटचं विसरा, आणि पीओ सगळ्या मालाचा एकच असेल तर उरलेल्यालाही तोच रेट मागतील.

कोर्टात बघून घेऊ म्हणू नका. तीन लाखांच्या वरचा व्यापारी दावा, तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी, मग कसबा बावड्यातल्या जिल्हा कोर्टात तारखा. कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं म्हणून खालच्या कोर्टाची तारीख लवकर लागत नाही.

इथून पुढं फाइल पाठवताना कॉपी काढा, सगळे बदल अ‍ॅक्सेप्ट किंवा रिजेक्ट करा, कमेंट डिलीट करा, मग फाइल-इन्फोमधून 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवा. 'नो मार्कअप' फक्त झाकतं, कुणी कधी काय खोडलं ते नावानिशी आत तसंच राहतं. पीडीएफ केली तरी उघडून बघा, मार्कअप दिसत असताना काढली तर रेघा तशाच उतरतात.

जुनी फाइल आणि तो मेल मात्र पुसू नका. कोर्टात फाइल पुरावा म्हणून द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ च्या सर्टिफिकेटला हॅश (फाइलवरून निघणारा, तिच्या ठशासारखा कोड) लागतो, पुसलेल्या फाइलचा कुठनं काढणार? आणि मला पीओ पाठवाल तो मागच्या बारीक अटींच्या पानासकट पाठवा.