घरच्या गॅरेजमध्ये सुतारकाम सुरू करायचंय. आधी कोणती हत्यारं घ्यावीत आणि धुळीचं काय करावं?

टेबल सॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची करवत, आत्ता नको. एका गाडीच्या गॅरेजात ८ बाय ४ फुटी प्लाय त्यावर सरकवायला जागाच उरत नाही. गाइड रेलवर (सरळ कापायला लावायच्या पट्टीवर) चालणारी सर्क्युलर सॉ (गोल पात्याची हातातली करवत), ५ इंची ऑर्बिटल सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करणारं यंत्र), ड्रिल, एक रंधा आणि दोन-तीन पटाश्या. एवढ्यात कपाटसुद्धा होतं. सॉ आणि सँडरला व्हॅक्युमची नळी बसते का, हे दुकानातच लावून बघा.

भुसा खाली पडतो, त्याची फार काळजी नाही. खरा त्रास सँडरच्या पिठासारख्या धुळीचा. ती तासन्‌तास हवेत राहते. एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची) तर फारच वाईट. व्हॅक्युमला हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळ अडवणारा) लावा आणि त्याच्या आधी सायक्लोन (हवा गरगर फिरवून धूळ खाली पाडणारं नरसाळं) बसवलेली २० लिटरची बादली जोडा. बादली काठोकाठ भरू दिली किंवा झाकणातून हवा शिरली, की धूळ थेट फिल्टरमध्ये जाते आणि ओढ मरते. सँडिंग पेपरची भोकं पॅडच्या भोकांवर जुळली नाहीत, तर व्हॅक्युम असून नसल्यासारखा.

मास्क एन९५ घ्या; दाढीवर तो घट्ट बसत नाही. आणि शेवटी झाडू मारू नका, बसलेली धूळ पुन्हा उडते. व्हॅक्युमनेच काढा.