जळगावात नळाचं पाणी उकळून बाळाच्या बाटलीला वापरलं तर चालेल का?

चालेल. फक्त ते नळाचंच आहे ना आणि किती दिवसांचं आहे, ते आधी बघा.

तुम्ही लिहिलंय की बाळ अडीच महिन्यांचं आहे, डॉक्टरांनी अंगावरच्या दुधाला जोड म्हणून पावडर सांगितलीये आणि सासूबाई जारच्या पाण्यावर अडून बसल्यात. माझी मुलगी एवढीशी होती तेव्हा आमच्याकडेही हेच चाललं होतं.

आपल्याकडे पाणी रोज येत नाही, खरी गोम तिथे आहे. आलेल्या पाण्यात क्लोरीन असतो, पण तेच पाणी टाकीत तीन-चार दिवस पडून राहिलं की तो उडून जातो. म्हणून पाणी येईल त्या दिवशी तोटीचं एक लहान स्टीलचं पिंप बाळापुरतं वेगळं भरा. मी ते केलं नव्हतं. उकळलेलं पाणी पातेल्यात, वर ताटली. येता-जाता सगळे त्यातच पेला बुडवत होते आणि मला पत्ता नाही. पोरीला जुलाब लागले, एक अख्खी रात्र दवाखान्यात काढली.

बोअरचं पाणी मात्र नको. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. पाणी आटतं तसे उलट वाढतात. केळी-कपाशीला टाकलेल्या खतातलं नायट्रेट झिरपून विहिरी-बोअरमध्ये उतरतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते जास्त झालं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही, ओठ निळे पडतात. आणि जारचं पाणी थंड असतं, तेवढ्यावरून शुद्ध ठरत नाही. आरओचं असो की जारचं, उकळायचंच.

आता जे मला कुणीच सांगितलं नव्हतं ते. पावडर स्वतः निर्जंतुक नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की पाणी ७० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. म्हणजे खळखळ उकळी आली की गॅस बंद, आणि अर्ध्या तासाच्या आत दूध बनवायचं. आधी पाणी मोजा, मग सपाट चमच्याने पावडर. डबा पुरवायचा म्हणून पातळ करू नका. मग झाकण घट्ट लावून बाटली नळाखाली धरा, मनगटावर थेंब टाकून बघा. दोन तासांत संपवा, उष्टं राहिलं तर ओता.

बाटलीच्या बुचात आणि निपलच्या खाचेत दुधाचा चिकट थर बसतो, तो ब्रशशिवाय निघत नाही. मग दहा मिनिटं उकळा. खरं सांगू का, आमच्या आईने शेवटी बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी, काढून दिलं. दोन दिवस सांडलवंड झाली, पण घासायला सोपं, उकळायलाही सोपं.

मे महिन्यात पारा ४५ला गेला की शेजारणी येऊन म्हणतील, दोन चमचे पाणी पाज. सहा महिने होईपर्यंत नुसतं पाणी नको, अंगावर जास्त वेळा घ्या.