मॅडम, स्टेजवर घाम फुटला तर?

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकला आहे की समोरची बाई 'मॅडम, तसं काही विशेष नाही...' म्हणाली तरी पुढचं मला साधारण कळतं. पंचेचाळीस ते पंचावन्नच्या मधलं, म्हणजे पाळी जाण्याचं, रजोनिवृत्तीचं वय, हाताखाली माणसं, कामात नाव. घरी आणि ऑफिसात त्या कसंबसं निभावून नेतात. पण परिषद, सेमिनार किंवा पाहुण्यांसोबतचं जेवण म्हटलं की पोटात गोळा येतो. आपल्या केबिनमधली खिडकी आपण उघडू शकतो, तिथली नाही.

मेधाताई (नाव अर्थातच बदललेलं) त्यातल्याच एक. वय एकोणपन्नास, पेशाने इंजिनिअर. भरल्या सभागृहात बोलताना छातीतून मानेकडे गरम वाफ चढली आणि चष्म्यावर घामाचा थेंब पडला. वीस मिनिटांचं भाषण अकरा मिनिटांत उरकून त्या खाली उतरल्या. पुढची तीन निमंत्रणं 'कामाचा व्याप आहे' म्हणून नाकारली.

"लोकांना काय दिसलं असेल?" मी विचारलं.

"घाबरलेली बाई. तयारी न करता आलेली."

"तुम्ही श्रोत्यांत असतात, तर तुम्हाला काय वाटलं असतं?"

त्या थांबल्या. "एसी चालत नाहीये, असं."

शरीरात काय होतं तेही समजावून सांगितलं. मेंदूच्या तळाशी शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा आहे. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होऊ लागलं की ती फार हळवी होते. जरा उष्णता वाढली की तिला वाटतं, अंग तापलं. मग त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा लाल होतो, घाम सुटतो. बहुतेक वेळा काही मिनिटांत हे ओसरतं. एवढं कळलं तरी अनेकींचा जीव निम्मा हलका होतो. मेधाताईंचा झाला नाही. 'ओळखीतल्या एका व्यक्तीला खरं कारण सांगून बघा' हा गृहपाठ त्यांनी दोनदा टाळला.

पाचव्या भेटीत त्या बोलता बोलता सांगत होत्या की पुढच्या परिषदेच्या आयोजन समितीत त्याच आहेत. एका ज्येष्ठ वक्त्यांचे गुडघे दुखतात म्हणून स्टेजवर खुर्ची ठेवायची आहे. मधुमेह असलेल्यांसाठी जेवण अर्धा तास अलीकडे घेतलंय. सगळं अगदी सहज सांगत होत्या.

"त्या वक्त्यांनी खुर्ची मागितली, तेव्हा तुम्हाला ते कमी वाटले?"

"छे! त्यांचे गुडघे दुखतात."

"मग तुम्ही पंखा का मागत नाही?"

रुमालाची घट्ट चौकोनी घडी त्यांच्या मुठीत होती. ती त्या अंगठ्याने चुरत राहिल्या. मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि इतक्या वर्षांनी ते मला बऱ्यापैकी जमतं, असं म्हणायला हरकत नाही.

"ते आजारी आहेत हो," त्या शेवटी म्हणाल्या. "मी... मी म्हातारी होतेय. पंखा मागितला की ते सगळ्यांना कळेल."

इतके दिवस आम्ही घामाबद्दल बोलत होतो. लपवायचं होतं ते वय.

"त्या वक्त्यांचं वय किती?"

"बहात्तर."

"म्हणजे बहात्तराव्या वर्षाला खुर्ची मिळते आणि एकोणपन्नासाव्याला साधा पंखाही नाही?"

त्या हसल्या. आधी थोडं, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रुमालाची घडी तेव्हा उलगडली.

त्या रात्री मी माझ्याकडेही जरा वळून पाहिलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती ही माझी वाट. प्रसंगापेक्षा प्रसंगाबद्दलचा आपला समज जास्त छळतो, हे मी आजही मानते. मनाच्या या कामाने वाफा थांबतात असं नाही, पण त्यांचा जाच कमी होतो. मात्र चार भेटी मी फक्त मेधाताईंच्या समजुती तपासत बसले. सभागृह खरंच कोंदट होतं का, हे विचारायचं राहून गेलं. बदलता येणारी परिस्थिती बदलू नका, असं एलिस कुठे म्हणाले होते? ते मीच विसरले होते.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. नोंदणीच्या फॉर्मवर एकच प्रश्न: 'तुम्हाला कुठली सोय हवी आहे?' कारण विचारायचं नाही. दाराजवळच्या काही खुर्च्या कुणासाठीही मोकळ्या. पोडियमवर छोटा पंखा आणि गार पाणी, प्रत्येक वक्त्यासाठी, म्हणजे कुणी एकटी वेगळी दिसणार नाही. कॉलरला अडकवायचा माइक जॅकेटवर लावला की ते काढता येत नाही, म्हणून हातातला माइकही हवा. ब्लेझरची सक्ती नको. सत्रं लांबवायची नाहीत, कारण पाळी जायच्या आधीच्या काळात काहींना अंगावरून खूप जातं. स्वच्छतागृहात पॅड आणि झाकणाची कचरापेटी हवी. पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्या तर नकोतच! (ही सूचना मेधाताईंची. मला सुचली नसती.) गरम चहाने वाफ उसळते अशा अनेक जणी असतात, तेव्हा शेजारी काहीतरी गार ठेवायचं. आणि बिल्ल्यावर नाव मोठ्या अक्षरात, दोन्ही बाजूंनी. या काळात ओळखीचं नाव ऐन वेळी आठवत नाही, आणि बिल्ला नेमका उलटा फिरलेला असतो.

यात फारसा खर्च नाही. कामाच्या जागी पाळी आणि रजोनिवृत्तीसाठी काय सोयी असाव्यात, याचं मानकच ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनने 2023 मध्ये काढलं. तेव्हा आपण काही जगावेगळं मागतोय असं समजायचं कारण नाही.

वक्त्या बाईने स्वतःसाठी एक वाक्य तयार ठेवावं: 'एक मिनिट, पाणी पिते.' माफी मागायची नाही, कारण सांगायचं नाही. सुटे, थरांचे कपडे घालावेत, मुद्दे कागदावर असावेत. त्रास फार असेल तर डॉक्टरांना दाखवावं, हार्मोन्सची आणि हार्मोन्सशिवायचीही औषधं आहेत. सलग बारा महिने पाळी आली नाही आणि नंतर रक्तस्राव झाला, तर मात्र समुपदेशकाची वेळ घेत बसू नका, थेट स्त्रीरोगतज्ज्ञ गाठा.

परिषदेच्या दिवशी संध्याकाळी मेधाताईंचा मेसेज आला. भाषण पूर्ण वीस मिनिटं झालं. वाफ मध्येच एकदा आली, त्यांनी पाणी प्यायलं. खाली अजून एक ओळ होती: 'पंखा माझ्या वाट्याला जेमतेम आला. आधीच्या वक्त्यांनी खुर्चीवर बसून तो पूर्ण स्वतःकडे वळवून घेतला होता.'