वाचकांचे प्रश्न : रेल्वेच्या आधीचं रोम

प्रश्न : जुन्या प्रवासवर्णनांत परदेशी माणसं रोमला जाऊन महिनोन्‌महिने राहतात. एवढी सवड त्यांना कुठून मिळायची? आणि वेशीवर पुस्तकांचीही झडती घेत, हे खरं का?

उत्तर : झडतीचं अगदी खरं. रोम ही पोपची राजधानी होती, त्यामुळे सामानातल्या रेशमाइतकाच छापील कागदही संशयाचा. फ्रेंच लेखक मोंतेन ३० नोव्हेंबर १५८० रोजी तिथे पोचला, तेव्हा त्याची सगळी पुस्तकं तपासायला काढून घेतली. त्याचं प्रार्थनेचं पुस्तकसुद्धा अडकलं, कारण ते पॅरिसच्या वळणाचं होतं, रोमच्या नव्हे! स्वतःचे निबंध परत मिळाले ते पुढच्या वर्षी, मार्चमध्ये, आक्षेपांसह. तरीही त्याच शहराचं मानाचं नागरिकत्व मिळवण्यासाठी त्याने खटपट केली आणि ते मिळवलं. मला हा माणूस फार आवडतो. अठराव्या शतकात उत्तरेकडून येणारी गाडी पोर्ता देल पोपोलो या वेशीतून आत शिरे. जकातीची कचेरी पियात्सा दी पिएत्रा या चौकात, रोमन सम्राट हेड्रियनच्या देवळाच्या प्राचीन खांबांमागे होती. ते खांब आजही उभे आहेत.

सवडीबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. हे लोक बहुतेक सुखवस्तू होते, पण त्यांचा मुक्काम लांबवला तो हिवतापाने आणि रस्त्यांनी. रोमभोवतीच्या दलदलीच्या माळावर उन्हाळा म्हणजे तापाचा काळ. तो डासांमुळे पसरतो हे १८९० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झालं. तोवर सगळा दोष हवेवर. म्हणून पाहुणे शरदात येत, ईस्टरचे सोहळे पाहत आणि उन्हं तापायच्या आत निघून जात. आल्प्स ओलांडायचा तो गाडीवानाशी लेखी करार करून; भाडं, वाटेतलं जेवण आणि रात्रीचा मुक्काम त्यातच धरलेला. एवढा खटाटोप करून आलेला माणूस आठ दिवसांत थोडाच परत फिरणार? रोमहून पहिली रेल्वे सुटली ती १८५६ मध्ये, तीही जवळच्या फ्रास्कातीपर्यंत.

राहायला बहुतेक जण पियात्सा दी स्पान्या या चौकाच्या आसपास खोल्या भाड्याने घेत. जर्मन कवी गटे १७८६ मध्ये कोर्सो रस्त्यावर चित्रकार टिशबाइनकडे उतरला, तोही नाव बदलून, म्योलर नावाचा चित्रकार म्हणून. नवख्या माणसाचा सर्वांत मोठा गोंधळ घड्याळाचा होई. आपल्याकडे घटका सूर्योदयापासून मोजत, तसे रोममध्ये २४ तास संध्याकाळच्या प्रार्थनेपासून मोजायचे. त्यामुळे भर दुपार डिसेंबरात १९ च्या सुमाराला, तर जूनमध्ये १६ च्या आसपास. गटेने तर हा हिशेब जुळवायला तक्ताच काढला होता. असं घड्याळ अंगवळणी पडायलाच कितीतरी दिवस जात असतील, आणि मला वाटतं, ते पडल्यावरच माणूस त्या शहरात खऱ्या अर्थाने राहू लागत असेल.

प्रश्न : तेव्हा वाटाडे असत का?

उत्तर : असत, आणि काही फार विद्वान होते. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिणारा इंग्रज इतिहासकार गिबन १७६४ मध्ये आला तेव्हा जेम्स बायर्स या स्कॉटिश जाणकाराने त्याला कित्येक आठवडे अवशेषांतून फिरवलं. पण बायर्स प्राचीन वस्तूंचा व्यापारही करी. आज पोर्टलँड व्हास म्हणून प्रसिद्ध असलेलं काचपात्र नेपल्समधला ब्रिटिश वकील आणि संग्राहक हॅमिल्टन याला त्यानेच विकलं. सकाळी अवशेष दाखवणारा माणूस संध्याकाळी विक्रेता होतो, तेव्हा त्याने केलेली एखाद्या पुतळ्याची तारीफ जपूनच वाचावी. मी तरी तशीच वाचतो.