बुधाचा गोल करताय? मग चंद्राची नक्कल नको

चोपड्याच्या सरांचा प्रश्न असा: विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीची मुलं फुटबॉलवर कागद चिकटवून बुध करणार आहेत. खड्डे पाडून राखाडी रंग दिला की झालं ना, आणि सोबतच्या तक्त्यावर यानांचं काय लिहायचं?

सर, एवढंच केलंत तर तो चंद्र होईल. बुधाची ओळख खड्ड्यांत नाही, तो आकसलाय यात आहे.

आधी माप. १ सेंमी = २०० किमी धरा. बुधाचा व्यास ४८७९ किमी, म्हणजे गोल २४.४ सेंमीचा. पाच नंबरचा फुटबॉल साधारण २२ सेंमीचा असतो, त्यावर सगळीकडून १.२ सेंमी थर चढवायचा. व्यास मोजत बसू नका, शिंप्याची टेप गुंडाळा: घेर ७६.७ सेंमी आला की थांबा. बॉल जुनाच घ्या, शेवटी त्याला भोक पडणार आहे. त्यावर आधी प्लास्टिकची पिशवी ताणून बसवा, व्हॉल्व्हची जागा मोकळी सोडा. मग वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या मैद्याच्या खळीत बुडवून एका वेळी तीन-चार थर द्या. ते पूर्ण वाळल्याशिवाय पुढचे देऊ नका, नाहीतर आत ओल राहून बुरशी धरते.

वाळवायचा तो सावलीत, पंख्याखाली. आपल्याकडच्या उन्हात गच्चीवर ठेवलात तर वरचा थर आधी वाळून आकसतो, आतला तसाच फुगलेला राहतो आणि साल ताणून भेगा पडतात. मुलं म्हणतील, राहू द्या सर, खऱ्या ग्रहासारखं दिसतंय. नाही दिसत. बुधावर घडलं ते नेमकं उलटं. तिथं आतला भाग निवत गेला आणि आकसला, वरचं कवच त्याला मोठं पडलं. भरताचं वांगं भाजून निवलं की साल कशी सुरकुतते, तसं. फक्त वांग्याची साल मऊ, म्हणून ती दुमडते. बुधाचं कवच खडकाचं, ते तुटलं आणि एक बाजू दुसरीवर चढली. त्यातून शेकडो किलोमीटर लांबीचे कडे तयार झाले. ग्रहाची त्रिज्या यात ७ किमीपर्यंत कमी झाली असावी, तुमच्या मापात जेमतेम ०.३५ मिमी! दक्षिण गोलार्धातला डिस्कव्हरी कडा सुमारे ६५० किमी लांब आहे, गोलावर सव्वातीन सेंमी. तो वाकडा, एका बाजूला उतरता आणि दुसऱ्या बाजूला उभा असा करा. दोन्ही बाजूंनी सारखा उतार दिला की तो डोंगर होतो.

उंचीची मोठी अडचण आहे. बुधावरची सर्वांत उंच आणि सर्वांत खोल जागा यांत फरक सुमारे १० किमीचा, म्हणजे गोलावर अर्धा मिलिमीटर. खरं प्रमाण पाळलं तर हाताला काही लागणार नाही. म्हणून उंची दहापट वाढवा आणि तसं तक्त्यावर ठळक लिहा. परीक्षक हेच विचारतात.

कॅलोरिस द्रोणी, म्हणजे बाहेरून काही आदळून पडलेला प्रचंड खड्डा, १५५० किमीची, गोलावर पावणेआठ सेंमी, विषुववृत्ताच्या उत्तरेला ३० अंशांवर. ती खोल वाटीसारखी कोरू नका. आघातानंतर तिच्यात लाव्हा भरलाय, तळ बराचसा सपाट आहे. आपल्या सातपुड्याखाली पसरलेला काळा दगडही थंड झालेला लाव्हाच, मुलांना हे लगेच पटेल. रंग चंद्रापेक्षा गडद करपट राखाडी ठेवा. तो काळसरपणा ग्राफाइटमुळे असावा. नेटवरचे निळे-केशरी फोटो फरक कळावा म्हणून रंग वाढवलेले आहेत. मोठ्या विवरांच्या तळाशी टाचणीच्या टोकानं पांढरट ठिपके द्या: तिथला पदार्थ उडून गेल्यानं पडलेल्या त्या उथळ, बिनकाठाच्या खळग्या आहेत. चंद्रावर अशा मोठ्या प्रमाणावर सापडत नाहीत. विवरांची नावं लिहायची तर कालिदास, वाल्मिकी, व्यास, तानसेन आणि सूरदास खरंच बुधावर आहेत.

स्टँडची चूक हमखास होते. शाळेतल्या पृथ्वीगोलाचा स्टँड साडेतेवीस अंश कललेला असतो, तो उचलून वापरू नका. बुधाचा आस जवळजवळ सरळ उभा, कल अंशाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी. म्हणूनच दिवसा ४३० अंशांपर्यंत तापणाऱ्या या ग्रहाच्या ध्रुवांजवळच्या खोल विवरांत ऊन कधीच पोचत नाही आणि तिथं बर्फ टिकलाय. गोल वाळल्यावर हवा काढा आणि सायकलची स्पोक सरळ आरपार घाला. आतला भाग दाखवायला शेजारी पुठ्ठ्याची २४.४ सेंमीची चकती ठेवा, तिच्यात १०.१ सेंमी त्रिज्येचा लोखंडी गाभा रंगवा. बुध म्हणजे पातळ सालीचा लोखंडाचा गोळा, हे तिथं डोळ्यांना दिसतं.

दिवस दाखवायला मधे सूर्य म्हणून बल्ब ठेवा आणि त्याभोवती जमिनीवर चार खुणा करा. गोलावर बाण काढा, सुरुवातीला तो बल्बकडे हवा. प्रत्येक खुणेवर पोचेपर्यंत गोल १३५ अंश फिरवायचा, एक काटकोन आणि वर अर्धा, फेरी ज्या दिशेनं चाललीय त्याच दिशेनं. हे माप खोलीच्या भिंतीवरून घ्या. बल्बवरून घेतलं की सगळं बिघडतं. एक फेरी संपल्यावर बाण बल्बकडे पाठ करतो, दुसरीनंतर पुन्हा समोर येतो. ८८ दिवसांची दोन वर्षं मिळून एक दिवस, १७६ पृथ्वीदिवसांचा.

यानांचा तक्ता इथूनच सुरू करा. मरिनर १० दर १७६ दिवसांनी बुधाजवळ यायचं: २९ मार्च १९७४, २१ सप्टेंबर १९७४, १६ मार्च १९७५. म्हणून तिन्ही वेळा उन्हात तीच बाजू! जेमतेम ४५ टक्के पृष्ठभाग दिसला, कॅलोरिसही अर्धीच. गोलावर लाल दोरा लावून ती हद्द दाखवा. बाकीचं मेसेंजरनं पाहिलं. ते २००४ मध्ये निघालं, २०११ मध्ये कक्षेत गेलं, ३० एप्रिल २०१५ ला बुधावर आदळलं. सात वर्षं लागायचं कारण अंतर नव्हे. सूर्याकडे जाताना वेग वाढत जातो आणि ब्रेक मारायला बुधावर हवा नाही. उड्डाणाच्या वेळी १,१०७ किलोंपैकी जवळपास ६०० किलो इंधन होतं, तरी ग्रहांच्या ओढीनं वेग आवरायला पृथ्वीला एकदा, शुक्राला दोनदा आणि बुधालाच तीनदा चाटून जावं लागलं. २०१८ मध्ये निघालेलं बेपीकोलंबो नोव्हेंबर २०२६ मध्ये कक्षेत जाणार असं ठरलंय, तेव्हा तेवढी ओळ पेन्सिलीनं लिहा.